पाठीवरची ट्यूब

मागून पाहिलं तर भानुदास दिसायचाच नाही. दिसायची ती ट्रकच्या चाकातली फुगवलेली काळी ट्यूब आणि तिच्याखाली, गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या पँटमधले दोन बारीक पाय. तलावाच्या बांधावरून ती ट्यूब चालत निघाली की उसाला पाणी भरणारे लोक फावडं टेकून बघत राहायचे. एखादा हाक मारायचा, "ओ ट्यूब, कुठं निघाली?" आतून आवाज यायचा, "पान्यावर!"

आमच्या भागात ज्याच्याकडे होडी नाही तो ट्यूबवर बसून मासे धरतो. मधल्या भोकावर नवार विणायची, तिच्यावर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि हातातल्या दोन फळ्यांनी वल्हवत आत जायचं. जाळं मांडीवर. एकदा पाण्यात उतरलं की ट्यूब माणसाला फुलासारखं सांभाळते. सगळा त्रास पाण्यापर्यंत जाण्याचा. भानुदासने आयुष्यातली कितीतरी वर्षं या त्रासावर खर्च केली.

श्रीरामपूरला माझं शिलाईचं दुकान आहे, आणि शेजारी जुने, झिजलेले टायर रिमोल्ड करण्याचं. भानुदास तिथे कामाला होता. दोन दुकानांच्या मध्ये एकच भिंत, त्यामुळे त्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला की माझ्या मशीनवरची रिळं थरथरायची. शिंप्याला सगळेच मास्तर म्हणतात, तसा तोही म्हणायचा. पण त्याच्या तोंडून 'मास्तर' ऐकलं की मी समजायचो, आता हा काहीतरी शिवायला आणणार आणि ते कापड नसणार.

त्याला एक खोड होती. कुठलीही वस्तू दिसली की तो ती उचलून बघायचा. लग्नात आचाऱ्याचं पातेलं, बाजारात बटाट्याची गोणी, माझ्या दुकानात इस्त्री. उचलायची, जरा तोलायची, खाली ठेवायची. "ही हातानं न्यायची न्हाई, काखंतून न्यायची," असा निकाल द्यायचा. माझ्या नातीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्याने तिला उचललं, तोललं आणि म्हणाला, "ही पाठीवर बरी बसंल." एकदा बायकोला घेऊन शिर्डीला गेला. परत आल्यावर मी विचारलं, दर्शन कसं झालं? दर्शनाचं तो एक अक्षर बोलला नाही. तिथल्या एका हारवाल्याने गळ्यातून पट्टा घालून फुलांची पाटी पोटावर कशी टेकवली होती, पट्टा मानेवर न येता खांद्यावर कसा येत होता, हेच सांगत बसला. बायको मागून म्हणाली, "देवाच्या दारात ह्यांनी त्या हारवाल्याची पाटी उचलून पाह्यली. तो वरडायला लागला."

आमचा तलाव नेवाशाच्या रस्त्याने गेल्यावर, मोठा रस्ता सोडून आत. सरकारी कागदात त्याला नाव असेल. आम्ही त्याला नुसतं 'पाणी' म्हणायचो. रविवारी मीही भानुदासबरोबर तिथे मासे धरायला जायचो. गाडी बांधापर्यंत जाते. पुढे ऊस, मग वेड्या बाभळींचं रान, आणि दिवाळीनंतर पाणी मागे सरकलं की गुडघाभर चिखलाचा पट्टा. "पानी लांब नसतं मास्तर," भानुदास म्हणायचा, "वझं लांब असतं."

सुरुवातीला तो ट्यूब घडी करून पोत्यात न्यायचा आणि काठावर सायकलच्या पंपाने भरायचा. ट्यूब भरेपर्यंत ऊन डोक्यावर. "हात पंपातच संपले, आता वल्हवू कशानं?" म्हणून मग त्याने त्याच्या एम-एटी मोपेडच्या सायलेन्सरला नळी जोडून ट्यूब भरून पाहिली. ट्यूब भरली, पण धुराने. तापली, पंक्चरचं जुनं ठिगळ सुटलं आणि भानुदासच्या तोंडावर सगळा धूर आला. त्या दिवशी तो काळं तोंड घेऊन गावातून परत आला, आणि कोणी विचारलं तर सांगायचा, "ट्यूबनं शिंक दिली."

शेवटी ठरलं, दुकानातल्या कॉम्प्रेसरवर भरायची आणि फुगलेलीच न्यायची. तिथून सगळे उद्योग सुरू झाले.

गाडीवर ट्यूब उभी बांधून नेताना एकदा गतिरोधकावर ती उडाली, रस्त्यावर बरोबर उभी पडली आणि भानुदासच्या पुढे पळत सुटली. उतार होता. ती जी निघाली ती थेट फाट्यावरच्या रसवंतीत. गिऱ्हाईकं उठून पळाली, रसवंतीवाला बाकावर चढला. मी मागच्या सीटवर बसून हे सगळं बघत होतो. भानुदासने शांतपणे गाडी लावली, ट्यूबशेजारी बसला आणि म्हणाला, "तीन रस द्या." रसवंतीवाला म्हणाला, "तुम्ही तर दोघंच." भानुदासने ट्यूबकडे बोट केलं. "पयली ती आली."

पुढे ट्यूब आडवी बांधून गाडीचा प्रश्न सुटला तरी बांधापासून पुढचं चालणं उरलंच. त्यासाठीचे सगळे पट्टे माझ्या मशीनखालून गेले. सुतळीने खांदा कापला. शाळेच्या दप्तराचे पट्टे लावले, ते शिवणीत उसवले आणि त्याचा दोष अर्थातच माझ्यावर आला. भंगारातल्या जीपचे सीटबेल्ट आणले, ते घामाने घसरायला लागले. शेवटी खाटेची रुंद नवार, आत जुन्या गोधडीची पट्टी. माप घ्यायला तो फुगलेली ट्यूब घेऊन दुकानात यायचा. ब्लाउजपीस घेऊन बसलेल्या बायका भिंतीला चिकटायच्या. तो पट्टे चढवून दुकानातल्या आरशात बघायचा, वळायचा, आणि वळताना कापडाचे गठ्ठे पाडायचा.

पाठीवर ट्यूब छान बसली. पण बांधावर वारं सुटलं की ट्यूब शिडासारखी भरायची आणि भानुदास जागच्या जागी फिरायचा. "वारं आलं की मी घराकडं निघतो," म्हणायचा. मग त्याने ती पाठीवर तिरपी, खाली बांधली. चिखलासाठी प्लॅस्टिकचा ड्रम उभा चिरून त्याची घसरगाडी केली. कमरेला पट्टा, मागे अर्धा ड्रम, ड्रममध्ये ट्यूब. ती चिखलावरून अशी सरकली की आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो होतो. त्याने मला ड्रममध्ये बसवून पाण्यापर्यंत ओढत नेलं. परत येताना मात्र म्हणाला, "तू चालत ये. तू ट्यूब न्हाईस."

ठकूबाई तिथेच भेटली. बांधाखालच्या भिल्लवस्तीतली. नवरा ऊसतोडीला गेला तो तिकडेच राहिला. मासे हेच तिचं पोट. आम्ही रविवारचे हौशी, ती रोजची. ट्यूब डोक्यावर, तिच्यावर जाळं, एका हाताने ट्यूब धरलेली, दुसऱ्या हातात टोपली. ओझ्याने तिची मान एका बाजूला कलली होती, डोक्यावर काही नसतानाही कललेलीच.

भानुदास दोन-तीन रविवार तिच्याकडे नुसता बघत होता. मग एकदा पुढे गेला. "ठकूबाई, रागावू नका. तुमची टूब उचलून बघू का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने उचलली, तोलली, आणि पुढच्या रविवारी मला टेप घेऊन यायला लावलं. बाभळीखाली उभं राहून मी तिच्या खांद्यांचं माप घेत होतो, तर म्हणाली, "मास्तर, मला झंपर न्हाई शिवायचा."

"झंपरापरीस लई टिकंल," भानुदास म्हणाला.

पट्टे झाले. त्याने ते तिच्या ट्यूबला स्वतःच्या हाताने बांधले. त्याची एक खास गाठ होती, दोनदा फिरवून आतून काढलेली. ओढली की आवळत जायची, पण एका बोटाने सुटायची. ठकूबाईने ट्यूब पाठीवर घेतली आणि चालायला लागली. थोडं चालून थांबली. दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे तिला कळेना. तिने ते हलवून पाहिले, मग पदर नीट केला, मग वाटेवरच्या बोरीची बोरं तोडली आणि खात खात पाण्याकडे गेली. भानुदास तिच्याकडे बघत उभा होता. त्याचे डोळे भरले होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. म्हणूनच पुढचं मला कधी जुळवता आलं नाही.

त्यानंतर ती त्याला भाऊ म्हणायला लागली. कधी मरळीचं कालवण आणि भाकरी आणायची, आधी त्याला वाढायची, मग मला. रोज ट्यूब वस्तीवर न्यायला लागू नये म्हणून भानुदासने तिला जुन्या वीटभट्टीतला एक कोनाडा शोधून दिला. वर फांद्या टाकल्या की आत काही आहे असं वाटायचंही नाही. ती जागा आम्हा तिघांनाच माहीत होती. तशाच वाटाही. एक पाटाच्या मोरीतून, एक उसाच्या बांधाने, एक भट्टीमागून. त्याने एकेक वाट पायाखाली घालून, कुठे ट्यूब अडकते, कुठे काटा लागतो, हे बघून ठरवलेली.

मग तलाव ठेक्याने गेला. बाहेरचा ठेकेदार आला, मत्स्यबीज सोडलं, बांधावर बंदीची पाटी लागली. सगळ्यात जास्त भडकला भानुदास. माझ्या कापायच्या टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "पाऊस काय ठेकेदारानं पाडला?" वस्तीवर जाऊन त्याने लोकांना धीर दिला. ठकूबाईला म्हणाला, "तुमी काय काळजी करू नका. बांधावर त्याची मान्सं. आपल्या वाटा त्यांच्या बापाला ठावं न्हाईत."

ते खरंच होतं. तो हंगाम आम्ही त्या वाटांनी काढला.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी मोरीची वाट बाभळीच्या फांद्या तोडून बंद केलेली दिसली. भानुदासने शेतमालकाला शिव्या दिल्या. आम्ही उसाच्या बांधाने गेलो. काही दिवसांनी तीही बंद. राहिली भट्टीमागची. तिथेही फांद्या पडल्या तेव्हा ठकूबाई त्यांतून तशीच घुसली, आणि तिच्या टाचेत काटा मोडला. भानुदासने तिला दगडावर बसवलं, तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि माझ्याकडची सुई मागून काटा काढला. तिला दुखू नये म्हणून फुंकर घालत होता. "हरामखोर," म्हणत होता, "कुनी टाकल्या आसतील?"

ठकूबाई त्याच्या हाताकडे बघत होती.

त्यानंतर तिची ट्यूब गेली. कोनाड्यावरच्या फांद्या बाजूला काढून ठेवलेल्या, आत काही नाही. मी भानुदासला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "खालच्या वस्तीची पोरं आसतील." दुसरी ट्यूब देतो म्हणाला. मग म्हणाला, आता सगळ्या गाड्या बिनट्यूबच्या, ट्यूबा येतातच कुठं? आणि थोड्याच दिवसांत त्याने रिमोल्डचं काम सोडलं. गुडघा धरला होता, उभं राहवत नव्हतं. मला सांगितलं, "घरीच पडून ऱ्हातो आता." मी दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा त्याची बायको म्हणाली, दवाखान्यात गेलेत.

एका गुरुवारी लाईट नव्हती. मशीन बंद, म्हणून मी दुकानाला कुलूप लावलं आणि सहज तलावावर गेलो. मासे धरायला नाही, नुसतं बसायला. बांध उतरून काठावर गेलो तोच मोटारीचा आवाज आला. पाण्यावर पांढरी फायबरची होडी, मागे इंजिन, आणि तिच्यात नारिंगी जाकीट घातलेला माणूस. माझ्या पाठीमागे ऊन होतं, त्यामुळे त्याला माझा चेहरा दिसला नसावा.

"कोन हाय तिकडं? मागं व्हा! हितं यायला बंदी हाय!"

मी हललो नाही. होडी जवळ आली. मग इंजिन बंद झालं आणि होडी आपली आपण तरंगत राहिली. भानुदासने जाकिटाचा पट्टा सोडला, पुन्हा लावला.

"मास्तर," तो म्हणाला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ठेकेदाराकडं दिवाळीपासून. होडीवर, रिमोल्डचं सोडल्यापासून."

म्हणजे मोरीची वाट बंद झाली त्याच्याही आधीपासून. आमच्याबरोबर चालत होता, शिव्या देत होता, तेव्हापासून.

"वाटा?"

"दाखवल्या मीच. इचारलं त्यांनी."

"फांद्या?"

त्याने इंजिनाची दोरी बोटाला गुंडाळली.

"भानुदास, फांद्या कोणी टाकल्या?"

"गुडघा गेलाय माझा," तो म्हणाला. "तुला म्हाईत न्हाई मास्तर. त्या ट्यूबखाली आता मला हुभं ऱ्हाता येत न्हाई. पट्टा कसाबी बांध, वझं शेवटी गुडघ्यावरच येतं. हितं ही होडी पान्यातच ऱ्हाती. सकाळी यायचं आन् बसायचं. काय उचलायचं न्हाई, काय वडायचं न्हाई." त्याने होडीच्या काठावर हात ठेवला. घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. "आयुष्यात पयल्यांदा मी रिकाम्या हातानं पान्यावर आलो."

मला त्याची कीव यायला हवी होती. आलीही असती, त्याने हेच दिवाळीत येऊन सांगितलं असतं तर. मी त्याला पाठीवर घेऊन पाण्यापर्यंत नेलं असतं, इतकं आमचं होतं. पण त्याने तिच्या टाचेवर फुंकर घातली होती. माझ्या सुईने.

"ठकूबाईला सांगितलंस?" मी विचारलं.

"तू सांग," तो म्हणाला.

मी वस्तीवर गेलो. ठकूबाई दारात चूल सारवत होती. मी बोलायला सुरुवात केली, तर तिने हात वर करून मला थांबवलं.

"मला ठावं हाय, मास्तर. मागंच ठावं हुतं. फांद्या काथ्यानं बांधल्या हुत्या ना, ती गाठ भाऊची."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यानं सांगावं म्हून थांबले," ती म्हणाली. "काटा काढताना सांगंल वाटलं हुतं."

रविवारी ती पाण्यावर गेली आणि मी तिच्या मागे गेलो. लपून नाही, बांधावरून, पाटीच्या शेजारून. होडी दिसल्यावर तिने लुगडं खोचलं आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. भानुदासला होडी थांबवावीच लागली. तिने होडीच्या काठाला हात घातला.

"भाऊ, माझी टूब ठिवलीय का कापली?"

तो इंजिनाकडे बघत म्हणाला, "कापली."

"तू?"

"मी न्हाई कापली. मी जागा सांगितली फकस्त."

"जागा तूच दिली हुतीस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मला वाटलं, आता ती काही बोलेल, शाप देईल, रडेल. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, तो बघेना, तेव्हा तिने होडीवरचा हात काढला आणि मागे वळली. पाण्यातून बाहेर येताना तिला वेळ लागला, चिखल होता. भानुदास तोपर्यंत इंजिन सुरू न करता तिथेच होता. ती काठावर आली तेव्हा त्याने दोरी ओढली आणि आत निघून गेला.

पुढे काय करायचं हे ठकूबाईने एकटीनेच ठरवलं. एक महिना तिने दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केली. मग एक दिवस दुकानात आली आणि म्हणाली, बहिणीच्या गावाला पाणी आहे, तिथे कोणी अडवत नाही, जाते. मी कोपरगावच्या एका भंगारवाल्याकडून तिच्यासाठी ट्यूब मिळवली, नवे पट्टे शिवले आणि तिला पोचवायला गेलो. गाव कुठलं ते मी इथेही लिहीत नाही.

भानुदास त्यानंतर कधी दुकानाकडे आला नाही. मीही त्याच्या घरी गेलो नाही. रिमोल्डच्या दुकानात नवा माणूस आला, कॉम्प्रेसर सुरू झाला की रिळं तशीच थरथरायची आणि मला उगाच भिंतीकडे बघायला व्हायचं. मासे धरणं माझं सुटलं. लोक विचारतात, पाण्यावर जात नाही का? मी म्हणतो, वय झालं. ते खोटं आहे. त्याच्याशिवाय जाता येत नाही आणि त्याच्याबरोबर तर नाहीच नाही, हे कोणाला समजावून सांगायचं? पावसाळ्याच्या तोंडावर कानावर आलं की ठेकेदाराने त्याला काढून दुसरा तरणा माणूस ठेवला. ऐकून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही.

शेवटचा दिसला तो एसटी स्टँडवर. मी पाहुण्यांना गाडीत बसवायला गेलो होतो. अहिल्यानगरची पाटी लावलेली गाडी फलाटाला उभी होती, आणि तिच्या खिडकीत भानुदास. शेजारी बायको, तिच्या मांडीवर दवाखान्याची पिशवी. तो वाळला होता. त्याने मला पाहिलं, खिडकीची काच सरकवली आणि हाताने बोलावलं. मी गेलो. का गेलो, माहीत नाही.

"गुडघ्याचं ऑपरेशन हाय," तो म्हणाला.

"बरं."

तो खिडकीच्या दांडीवरून बोट फिरवत राहिला. ड्रायव्हर वर चढला. बायको दुसरीकडे बघत होती.

"मास्तर, ठकूबाई कुठं असती आता?"

मला दोन दिवसांपूर्वीच तिचा निरोप आला होता. जाळ्याला चिलापी मासे चांगले लागतात, मान आता दुखत नाही, असं कोणाकरवी सांगून पाठवलं होतं.

"मला काय माहीत," मी म्हणालो.

गाडी सुरू झाली. तो माझ्याकडे बघत होता, आणि मीही नजर हलवली नाही.

"तुला म्हाईत हाय," तो म्हणाला.

मी एक पाऊल मागे सरकलो.

त्याने मान हलवली, हळूच, दोनदा. "मग मला सांगू नको," तो म्हणाला, आणि काच स्वतःच लावून घेतली.